सातवा रकाना

बैठक तिसरीच्या वर्गात भरली, छत्रीपुऱ्याच्या सरकारी शाळेत.
बाकं मुलांच्या मापाची,
म्हणून आम्ही सगळेच गुडघे पोटाशी घेऊन,
शिक्षा झाल्यासारखे.
लोडिंग रिक्षा दाराशी चालूच ठेवून आलेले अशफाकभाई,
सराफ्यातल्या रात्रीच्या कढईचा वास पदरात घेऊन इमरतीबाई,
आणि मी, फॉल-पिकोचं दुकान
तासाभरासाठी नणंदेच्या गळ्यात घालून.

जनशिक्षक मालाकार सरांनी पिशवीतून फॉर्म काढला.
शाला विकास योजना, तीन वर्षांची,
शुक्रवारी वर पाठवायची आहे.
त्यांच्याकडे अशा एकोणीस शाळा,
एक मोटारसायकल,
आणि पेट्रोलचं बिल मागच्या दिवाळीपासून अडकलेलं.
बिलाचं नंतर कळलं.
मोटारसायकल ढकलत आणली होती, ते खिडकीतून दिसलं.

फॉर्म हिंदीत. रकाने सात.
काय कमी, काय हवं, खर्च किती, कधीपर्यंत,
सहा रकाने भराभर भरले.
नळाला तोटी नाही.
मुलींच्या संडासाला आतून कडी नाही,
एक आत जाते, दुसरी दार ओढून धरते,
दोघींचाही तास बुडतो.
तिसरीतल्या एकतीस मुलांपैकी नऊ वाचतात,
बाकीची पाठ म्हणतात,
पुस्तक उलटं धरलं तरी.
हे शेवटचं मी म्हटलं, तेव्हा चौरे मॅडमनी
खडूचा डबा बंद केला
आणि पुन्हा उघडला.

सातव्या रकान्यावर छापलं होतं, जवाबदेही.
नळ? लिहा, शासन.
कडी? शासन.
वाचन? कोणीतरी खिडकीबाहेर बघत म्हणालं, तेही शासनच.
मालाकार सर पेन उघडं ठेवून थांबले.
"शासन सही करायला येत नाही," म्हणाले,
"मागचा फॉर्म असाच गेला होता.
कपाटात आहे. मीच ठेवलाय."

आमच्या घरात मराठी, उंबऱ्यापलीकडे हिंदी,
दोन्ही मी एकाच कात्रीने कापते.
त्या शब्दाची शिवण उसवून पाहिली:
जवाब. दे. ही.
हिंदीत शेवटचं अक्षर नुसता जोर.
मराठीत मात्र ते बोट.
ही. ही बाई. ही, इथे बसलेली.

कडीपुढे मी नाव लिहिलं, रेवती दुसाने.
तिरकं आलं, बाक हलत होतं.
अशफाकभाई म्हणाले, तोटी मी आणतो,
पण बसवणार कोण?
त्यावर बराच वेळ गेला.
वाचनापुढची जागा रिकामी राहिली होती.
मॅडमनी पेन मागितलं, स्वतःचं नाव घातलं,
आणि खाली बारीक अक्षरात,
"मतदार यादीची ड्यूटी नसेल त्या दिवशी."
मालाकार सरांनी ते दोनदा वाचलं.
खोडायला लावतील असं वाटलं.
त्यांनी शेजारी आपलंही नाव लिहिलं,
ड्यूटीबद्दल वर बोलायला,
आणि मग उगाच पेनाचं टोपण शोधत राहिले.

पुढल्या बुधवारी मी त्यांच्या ऑफिसात गेले, दुसरा मजला.
बाबूने विचारलं, कोणाकडून आलात?
म्हटलं, सातव्या रकान्यातून.
त्याला काही उमगलं नाही, पण स्टूल सरकवलं.
त्यानंतरचा बुधवारही माझा,
त्यानंतरचाही.
चौथ्या बुधवारी स्टूल आधीच रिकामं ठेवलेलं.

कडी तिसऱ्या महिन्यात आली,
मापाने मोठी.
इमरतीबाईच्या भावाने चौकट तासून दिली,
भुसा मुलींनी झाडला.
तोटी एकदा चोरीला गेली, आता दुसरी आहे.

वाचणारी मुलं चौदा झालीत.
एकतीसांतून चौदा वजा केले की किती,
हे शाळेच्या फळ्यावर कोणी लिहीत नाही.
मी दुकानातल्या वहीत लिहून ठेवते,
उधारीच्या पानावर.